नाना पाटील आणि बीडचा कौल

बीड लोकसभा मतदारसंघाची २०२४ ची निवडणूक कोणत्या मुद्द्यावर लढली गेली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पाणी, पीकविमा, ऊसतोड मजुरांची मजुरी हे प्रश्न भाषणांच्या प्रारंभी आले आणि तेथेच राहिले. प्रत्यक्ष प्रचार झाला तो मराठा किती आणि ओबीसी किती या हिशेबाचा. ६,५५३ मतांच्या फरकाने एक उमेदवार विजयी झाला, पण गावागावांत जी तेढ राहिली तिची मोजदाद कोणत्याही निवडणूक अधिकाऱ्याने केली नाही. मराठवाड्यात यापेक्षा वेगळे राजकारण संभवतच नाही, असे म्हणून हताश होणाऱ्या कार्यकर्त्यांनी याच मतदारसंघाचा १९६७ सालचा कौल आठवून पाहावा. त्या वर्षी बीडने दिल्लीस पाठविलेला खासदार बीडचा नव्हता. जिल्ह्यात त्याचे गणगोत नव्हते, कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती. तो येडे मच्छिंद्र या वाळवे तालुक्यातील गावचा शेतकरी होता आणि त्याचे नाव क्रांतिसिंह नाना पाटील असे होते.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. तलाठ्याची सरकारी नोकरी हाती असताना १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती सोडली. तलाठी म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या राज्ययंत्रणेचे गावातील शेवटचे टोक. शेतकऱ्याची नाडणूक कागदावर कशी होते, हे त्या दप्तरातून पाहिलेला माणूस चळवळीत आला, म्हणून त्याच्या भाषणाला पुस्तकी वास कधी आला नाही. सत्यशोधकी विचाराचा संस्कार आणि गांधींच्या चळवळीची शिस्त यांचा त्यांच्यात मिलाफ होता. तुरुंगवास अनेकदा घडला. १९४२ नंतर ते भूमिगत झाले, ते १९४६ मध्येच उघडपणे लोकांपुढे आले. मधल्या काळात सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावले, घरादारावर जप्ती आणली. परंतु साताऱ्याच्या खेड्यांनी त्यांना सांभाळले.

त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. नाना त्या साऱ्यांचे सर्वमान्य पुढारी होते. या सरकारचे स्मरण बहुधा रेल्वे अडविणे, खजिना लुटणे अशा धाडसी प्रसंगांपुरते केले जाते. त्याचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. गावच्या तंट्याचा निवाडा गावात व्हावा म्हणून न्यायदान मंडळे निघाली. सावकाराच्या जुलमाला आणि दरोडेखोरांच्या उपद्रवाला आळा बसला. दारूबंदी आली. लग्नासाठी शेतकऱ्याने कर्जात बुडू नये म्हणून थोड्या खर्चाचे गांधीविवाह लागू लागले. गुन्हेगारांच्या तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेमुळे त्यास पत्रीसरकार हे नाव पडले आणि त्या शिक्षेचे समर्थन आज करता येणार नाही. लोकशाही समाजवाद मानणाऱ्याने तर करूच नये. तथापि एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. त्या समांतर सत्तेचा धाक सावकाराला, गुंडाला आणि परकीय सरकारच्या हस्तकाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि खंडणीच्या ज्या कारभाराची चर्चा त्यानंतर राज्यभर झाली, त्या समांतर सत्तेचा धाक मात्र गरिबाला आणि त्याची बाजू घेणाऱ्याला आहे.

स्वातंत्र्यानंतर नानांपुढे सत्तेची वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. काँग्रेस सोडून ते प्रथम शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणूच्या अधिवेशनात अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत उत्तर साताऱ्याने त्यांना लोकसभेत पाठविले. तेथेही त्यांनी मराठीतून बोलण्याचा आग्रह धरला. इंग्रजी येत नाही याची लाज बाळगण्याचे कारण त्यांना वाटले नाही. ज्या रयतेच्या वतीने बोलायचे तिच्या भाषेत बोलणे हा ते तिचा हक्क समजत.

साताऱ्याचा हा पुढारी दहा वर्षांनी बीडमध्ये निवडून कसा आला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो केवळ नावाच्या दबदब्याचा परिणाम म्हणता येणार नाही. बीडची भूमी तयार होती. निजामी राजवटीविरुद्धचा लढा या जिल्ह्याने अनुभवला होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील शेतकऱ्याने जहागीरदारी जवळून पाहिली होती. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत या मतदारसंघाने पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडून दिले होते. नंतरच्या दोन निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. परंतु महाराष्ट्र राज्य झाले तरी मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला पाणी मिळाले नव्हते, आणि तो असंतोष १९६७ मध्ये नानांच्या रूपाने बोलला. गावकुसाबाहेरचा मजूर आणि दोन-चार एकरांचा कुणबी यांना हा पटका बांधलेला, आपल्यासारखेच बोलणारा म्हातारा परका वाटला नाही. तो कोणत्या जिल्ह्याचा, यापेक्षा तो कोणत्या बाजूचा, हे त्यांनी पाहिले.

त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४५ जागांपैकी ३७ काँग्रेसकडे गेल्या होत्या. विरोधकांच्या हाती आलेल्या मूठभर जागांत मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस, राजापूरहून नाथ पै, मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे आणि बीडहून नाना पाटील होते. मुंबईत कामगारांच्या संघटना होत्या, कोकणात प्रजासमाजवाद्यांचे जुने काम होते. बीडमध्ये गिरण्या नव्हत्या, मनिऑर्डरी पाठविणारे चाकरमानी नव्हते. म्हणून बीडचा कौल अधिक मोलाचा होता.

तो टिकला नाही, हेही तितकेच खरे. चौथी लोकसभा १९७० च्या अखेरीस बरखास्त झाली आणि १९७१ च्या ‘गरिबी हटाव’च्या गजरात ही जागा काँग्रेसकडे परत गेली. पाठोपाठ १९७२ चा भीषण दुष्काळ आला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाना ज्या पक्षात होते त्या पक्षाने आणीबाणीस पाठिंबा दिला आणि समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात होते. हा मतभेद मामुली नव्हता व तो झाकून ठेवण्याचे कारणही नाही. आणीबाणी चालू असतानाच, ६ डिसेंबर १९७६ रोजी, मिरज येथे नानांचे निधन झाले. तीन-चार महिन्यांत बीडच्या मतदारांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठविले. १९५२ ते १९७७ या काळातील सहा निवडणुकांपैकी तीन वेळा या जिल्ह्याने डावा खासदार निवडला. जातीबाहेर विचार करण्याची ताकद बीडच्या मतदारात नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा तपासावा.

उणीव मतदारांत नव्हती, संघटनेत होती. लाटेवर जागा येत, लाट ओसरली की जात. दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत गावात कोण बसणार, याचे उत्तर डाव्या व समाजवादी पक्षांनी पुरेसे दिले नाही. ते उत्तर मग साखर कारखान्याने, बँकेने, शिक्षणसंस्थेने आणि मुकादमाने दिले. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची खेडी ओस पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. ज्या वाळवे-पलूस-कऱ्हाडच्या पट्ट्यात एकेकाळी पत्रीसरकारने सावकाराला वठणीवर आणले, त्याच पट्ट्यातील फडांत बीडचा मजूर आज उचलीच्या पाशात राबतो. नाना त्या बाजूने बीडला आले ते रयतेचा माणूस म्हणून. बीडची रयत त्या बाजूला जाते ती कर्जाने बांधलेली. तेथील चळवळीच्या वारसदारांनीही यावर आत्मपरीक्षण करणे उचित ठरेल.

या मजुराचा मालक कोण, हे आजही कागदावर धडपणे ठरलेले नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये उघड झाला तेव्हा शासनाने चौकशी समिती नेमली. आजारपणामुळे बुडालेल्या दिवसांचा दंड मजुराने भरायचा, ही त्यामागची रीत मात्र शस्त्रक्रियेहून जुनी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान आणि गाळप हंगामाची सुरुवात एकाच महिन्यात आली. ज्याला मत देण्यासाठीही फडातून रजा मिळण्याची खात्री नाही, त्याच्या नावाने जातीचे मेळावे भरतात, हा या राजकारणाचा सर्वांत मोठा उपहास आहे.

म्हणून नाना पाटलांची आठवण पुतळ्याला हार घालण्यासाठी काढावयाची नाही. तांड्यावर आणि वाडीवर, मुकादमाची गाडी येण्यापूर्वी, उचलीचा लेखी हिशेब मागणारा कार्यकर्ता पोहोचला पाहिजे. फडावरच्या मुलांची शाळा, आजारी बाईची रजा, अपघाताची भरपाई या मागण्यांवर वंजारी, मराठा, बंजारा, दलित मजूर एका कोयत्याच्या नात्याने एकत्र बसू शकतात. मेळाव्यात ते बसणार नाहीत. हे काम निवडणुकीच्या वर्षी सुरू करून भागत नाही. प्रतिसरकार उभे राहिले तेव्हा त्याच्यामागे १९३० पासूनची गावोगावची पायपीट होती. बीडने १९६७ मध्ये आपला शब्द पाळला होता. त्यानंतरचे काम कार्यकर्त्यांकडे राहिलेले आहे, आणि येत्या हंगामाच्या गाड्या सुटण्यापूर्वी त्याला हात घालता येईल.