तळं बुजवणारे

अमेरिकेत माणूस आजारी पडला की खिडकीवरचा कारकून आधी विचारतो, विमा कुठला? काय दुखतंय ते नंतर. मरायला टेकलेल्याला इस्पितळानं दारातून हाकलू नये असा कायदा तिथं १९८६ पासून आहे. पण माणूस जगला की मागनं बिल घरी येतं, आणि त्या बिलापायी घर जातं. चंद्रावर माणूस उतरवणारा हा देश. २०१० साली त्याच देशात साडेचार कोटींहून जास्त माणसं बिनविम्याची होती.

आमचे काही दोस्त म्हणतील, गोदीत पाठ मोडून घेणाऱ्यानं अमेरिकेच्या कायद्यावर अग्रलेख कशाला लिहावा? तिकडच्या काळ्यांचं दुखणं इकडच्या वस्तीत समजायला भाषांतर लागत नाही, म्हणून लिहावा. आणि एक कायदा रद्द करण्यासाठी तिथं पंधरा वर्षं जी झोंबाझोंबी चालली, तिच्यात आपल्या ओळखीचे चेहरे दिसतात, म्हणूनही लिहावा.

कायदा असा. २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामानं त्याच्यावर सही केली. लोकप्रतिनिधींच्या सभागृहात तो २१९ विरुद्ध २१२ असा पास झाला. रिपब्लिकन पक्षाचं एकही मत त्याला मिळालं नाही. त्याआधी विमा कंपन्या काय करायच्या? अर्जात मधुमेह लिहिला, दमा लिहिला, आधी कॅन्सर झाला होता असं लिहिलं, की अर्ज फेकून द्यायच्या. म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच विमा नाही. कायद्यानं हे बंद केलं. आधीच्या आजाराचं कारण सांगून नाकारायचं नाही, जास्त हप्ता लावायचा नाही. पोरगं २६ वर्षांचं होईपर्यंत आईबापाच्या विम्यात राहू शकतं. मधल्या मिळकतीच्या माणसाला हप्ता भरायला सरकारची मदत. अगदी गरिबाला मेडिकेड, म्हणजे १९६५ पासून चालत आलेला सरकारी विमा, तो आता जास्त लोकांना. आणि सगळ्यांनी विमा घ्यायचाच, नाही घेतला तर दंड. कारण फक्त आजारीच आत आले तर पेटी रिकामी होणार. पुढच्या पाचसहा वर्षांत बिनविम्याची माणसं सुमारे दोन कोटींनी कमी झाली.

ही क्रांती होती काय? मुळीच नाही. विमा कंपन्यांना हात लागला नाही, उलट त्यांना सरकारी खर्चानं नवी गिऱ्हाइकं मिळाली. सरकारनं स्वतःचा विमा काढून कंपन्यांच्या शेजारी दुकान मांडावं अशी एक कलमाची बात होती, ती डिसेंबर २००९ मध्येच सिनेटमध्ये मुरगाळून टाकली. सगळ्यांना विमा सक्तीचा करा ही कल्पना तर उजव्यांच्या हेरिटेज फाउंडेशननं १९८९ मध्ये मांडलेली. कागदपत्रं नसलेला मेक्सिकन मजूर, जो त्या देशाची भाजी खुडतो, त्याला ह्या कायद्यात जागाच ठेवली नाही. भांडवलदारांशी केलेली ही तडजोड होती. भुकेल्याला अर्धी भाकरी.

मग अर्ध्या भाकरीवर एवढा जळफळाट का?

रिपब्लिकनांनी सभागृहात डझनांनी वेळा रद्द करण्याचे ठराव केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ह्या कायद्याचे पैसे तोडा म्हणून १६ दिवस सरकार बंद पाडलं. २०१२, २०१५ आणि २०२१ असं तीनदा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिन्ही वेळा कायदा जगला. विरोधकांनी त्याला ओबामाकेअर असं नाव चिकटवलं. काळ्या अध्यक्षाचं नाव घेतलं की अर्ध्या देशाच्या कपाळावर आठी येते, हे त्यांना ठाऊक होतं. २०१३ साली पाहणी केली तर कायद्याच्या सरकारी नावाला विरोध कमी आणि ओबामाच्या नावाला विरोध जास्त. कायदा तोच, कलमं तीच! एका नावापायी माणसं कशी पेटतात हे मराठवाड्यात आम्ही १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं पाहिलंय. आम्हाला नवल वाटत नाही.

पण नुसत्या नावानं उत्तर पुरं होत नाही. उत्तर तळ्याच्या तळाशी आहे.

अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहर आहे. १९५५ साली ह्याच शहरात रोझा पार्क्सनं बसमधली जागा सोडायला नकार दिला. तिथं ओक पार्क नावाच्या बागेत पोहायचा मोठा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. काळे कोर्टात गेले. आता बाग सगळ्यांना उघडावी लागणार असं दिसताच शहरानं काय केलं? १ जानेवारी १९५९ पासून शहरातल्या सगळ्याच बागा बंद केल्या. तलावातलं पाणी सोडून दिलं आणि तो बुजवून टाकला. काळ्याचं पोर पाण्यात उतरू नये म्हणून आपल्या पोरांनाही कोरडं ठेवलं. पुढं बागा उघडल्या, तलाव कधीच उघडला नाही.

आता महाड आठवा. जानेवारी १९२४ मध्ये नगरपालिकेनं ठराव केला की चवदार तळं सर्वांना खुलं. कागदावर होता तोवर ठराव कुणाला टोचला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यावर गेली, ओंजळ भरली, आणि ठराव टोचायला लागला. सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपलाच ठराव रद्द केला. हायकोर्टातून आपला हक्क शाबीत व्हायला १९३७ उजाडलं.

रद्द. हाच शब्द. पाणी नुसतं वाहत असतं तोवर ठीक, पण ज्यानं पिऊ नये त्यानं ओंजळ भरली की रद्द!

२०१२ साली सुप्रीम कोर्टानं कायदा ठेवला, पण एक फट पाडली. मेडिकेड वाढवायचं की नाही हे ज्या त्या राज्यानं ठरवावं. पहिली तीन वर्षं सगळा खर्च केंद्र देणार होतं, पुढंही १०० तले ९०. फुकटात येणारा पैसा. तरी दहा राज्यं २०२५ संपेपर्यंत नाहीच म्हणत राहिली: टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी, टेनेसी, साउथ कॅरोलिना, अलाबामा, आणि आणखी तीन. नकाशा काढून बघा. ह्यातली सात राज्यं म्हणजे गुलामांच्या घामावर कापूस आणि ऊस पिकवणारी दक्षिण. तिथले पुढारी खर्चाचं कारण सांगतात, केंद्राची दादागिरी नको म्हणतात. आम्ही म्हणतो, ओक पार्क!

आणि गंमत ऐका. कायदा लिहिणाऱ्यांनी धरून चालले होते की अगदी गरिबाला मेडिकेड मिळणारच, म्हणून हप्त्याची मदत त्यांनी गरिबीच्या रेषेपासून वर ठेवली. आता अलाबामात रेषेच्या जरा वर असलेल्याला मदत आहे, आणि रेषेच्या खाली असलेल्या, पोरंबाळं नसलेल्या धडधाकट माणसाला काहीच नाही. कमी कमावतोस म्हणून तुला औषध नाही! अशा खड्ड्यात दहा लाखांहून जास्त माणसं पडली. त्यात काळे आणि लॅटिन लोक त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त. पण गरीब गोरेही लाखांनी आहेत. खेड्यातली इस्पितळं बंद पडतात तेव्हा गोऱ्या बाईचंही बाळंतपण पन्नास मैल लांब जातं. बुजवलेल्या तळ्याकाठी बुजवणाऱ्याचंच पोर तहानलेलं उभं असतं, आणि बाप त्याला सांगतो की तुझी तहान त्या काळ्यामुळं आहे.

कायद्यानं काय होतं असं विचारणाऱ्यांनी १९६६ साल बघावं. तोवर दक्षिणेत इस्पितळाचे वॉर्ड वेगळे, रक्ताच्या बाटल्यासुद्धा वेगळ्या ठेवायचे. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर सुरू झालं तेव्हा सरकारनं अट घातली: भेद पाळाल तर एक डॉलर मिळणार नाही. शंभर वर्षं न सुटलेला सोवळ्याचा पीळ काही महिन्यांत सुटला, हजाराच्या आसपास इस्पितळांनी वॉर्ड एक केले. मन बदलायची वाट कुणी बघितली नाही.

आता २०१७. अध्यक्ष ट्रम्प, दोन्ही सभागृहं त्याच्या पक्षाची. ४ मे ला खालच्या सभागृहात २१७ विरुद्ध २१३ नं रद्दचं बिल पास. काँग्रेसच्याच हिशेब कचेरीनं सांगितलं की ह्यानं २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख माणसं जास्तीची बिनविम्याची होतील. बिल सिनेटकडं गेलं. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर मेंदूत गाठ झालेला सिनेटर जॉन मॅकेन उभा राहिला आणि त्यानं अंगठा खाली केला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की ह्या त्याच्याच पक्षाच्या दोन बायाही विरोधात. ४९ विरुद्ध ५१. बिल पडलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी म्हाताऱ्याच्या अंगठ्याचे फोटो छापले.

आम्हाला दुसरा फोटो आठवतो. २२ जून २०१७. अडॅप्ट नावाची अपंगांची संघटना. सिनेटमधला रिपब्लिकन पुढारी मिच मॅककॉनेल, त्याच्या कचेरीबाहेर ही माणसं चाकाच्या खुर्च्या घेऊन गेली आणि फरशीवर आडवी झाली. पोलिसांनी त्यांना उचलून, ओढून नेलं. ४३ जणांना अटक. कुणाला पाय नाहीत, कुणाला नळीवाचून श्वास घेता येत नाही. त्यांना रद्दचा अर्थ कळला होता, कारण रद्द त्यांच्या नळीतून चाललं होतं. अंगठा खाली गेला तो ह्या फरशीवरच्या माणसांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी आधी पाच महिने रान उठवलं म्हणून. इतिहासात मात्र अंगठा राहतो आणि फरशी पुसली जाते.

जिंकलो म्हणून सगळे घरी गेले. इथंच धोका होता.

फावड्यानं तळं बुजत नाही म्हटल्यावर मूठमूठ माती टाकायला सुरुवात झाली. त्याच वर्षी विम्याच्या नोंदणीच्या जाहिरातीचे पैसे १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणले, म्हणजे गरिबाला कळूच नये. डिसेंबर २०१७ च्या करकायद्यात विमा न घेणाऱ्याचा दंड शून्य केला. २०१८ मध्ये आर्कान्सा राज्यानं अट लावली: मेडिकेड हवं तर महिन्याला ८० तास काम केल्याचं कळवा. काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त माणसांचा विमा गेला. कोर्टानं २०१९ मध्ये ते थांबवलं. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनं जो मोठा कायदा सही केला, त्यात तीच ८० तासांची अट आली, आता साऱ्या देशासाठी, २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची म्हणून. हिशेब कचेरी म्हणाली, त्या कायद्यानं २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं बिनविम्याची होतील. हप्त्याला मिळणारी वाढीव मदत वाचवायला डेमोक्रॅट अडून बसले, १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस सरकार बंद राहिलं, शेवटी सरकार उघडलं आणि मदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ह्या सगळ्यात रद्द हा शब्द कुठं आला? कुठंच नाही. रद्द आता सभागृहात होत नाही, खिडकीवर होतं. ‘तुमचा कागद नाही’ एवढंच कारकून म्हणतो.

ऐंशी तास. ऐकायला काय वाईट? काम करा आणि औषध घ्या. पण तास मोजतो कोण? आमच्या टोळीतल्या एका माणसाच्या पायावर बोजा आला. नडगी दोन जागी मोडली. विम्याच्या खिडकीवर गेलो तर हजेरीचा दाखला मागितला. ठेकेदाराच्या वहीत त्याच्या निम्म्या पाळ्या दुसऱ्याच्याच नावावर. वीस वर्षं ज्यानं पाठीवरून गोदी वाहिली, तो कागदावर कामच करत नव्हता. मुकादम म्हणाला, चूक झाली, बघू. पाय वाकडाच जुळला. म्हणून आर्कान्साचं वाचलं तेव्हा आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. घाम गाळणारा वेगळा आणि घामाची वही लिहिणारा वेगळा, तोवर कामाची अट म्हणजे उपाशी माणसाला जेवल्याची पावती मागणं.

मग करायचं काय? ज्यांचं नाव आम्ही उचललं त्यांनी काय केलं ते बघा. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभे राहिले. बंदुकीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण त्याच पोरांनी वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने काढले. १९७१ पासून सिकलसेलच्या रक्ततपासणीची मोहीम चालवली, कारण काळ्यांचा हा आजार सरकारच्या खिजगणतीत नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या दहा कलमांत लिहून टाकलं, सर्व काळ्या आणि पिचलेल्या लोकांना संपूर्ण मोफत औषधोपचार. त्याच साली मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव आणलं, डरकाळी आणली. दवाखाना आणायचा राहिला. हे आम्ही आमच्याच तोंडावर मारून घेतो.

दोस्तांनो, कायदा म्हणजे तळ्यावर जायची वाट. त्याच्या पाया पडू नका, पण तो गेला तर काय फरक पडतो असंही कुणाच्या तोंडून ऐकून घेऊ नका. अर्धी भाकरी हातात धरूनच उरलेल्या अर्ध्यासाठी भांडावं लागतं. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी आठवड्यातून एक सकाळ इस्पितळाच्या खिडकीपाशी उभं राहावं. अर्ज वाचावा, नियम पाठ करावा, म्हातारीला परत पाठवलं तर कारण लेखी मागावं. त्यात कविता नाही, टाळ्या नाहीत. पण मूठभर माती पडते ती तिथंच पडते.

तळ्यावर पहारा पाहिजे. रात्रीचाही.

जय भीम!