प्रेरणेचा पेपर

१ जुलै हा राष्ट्रीय डॉक्टर दिन. ज्यांच्या नावाने तो पाळला जातो, त्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी तरुणपणी इंजिनीअरिंग आणि मेडिकल अशा दोन्ही कॉलेजांत अर्ज केले होते. प्रवेशही दोन्हीकडे मिळाला. म्हणजे वैद्यकाचा ध्यास काही लहानपणापासून मनात पक्का नव्हता. कोलकात्यात शिकताना हाताशी पैसा नव्हता, तेव्हा सधन रुग्णांच्या घरी जाऊन त्यांनी शुश्रूषेचं काम केलं. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसलेला हा विद्यार्थी पुढे पश्चिम बंगालचा मुख्यमंत्री झाला, तरी रुग्ण तपासायचं त्याने सोडलं नाही.

आपल्या आनंदीबाई जोशींची वाट याच्या उलट. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं आणि डॉक्टर का व्हायचं याचं उत्तर कुणी शिकवण्याआधीच त्यांना मिळालं. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी आजूबाजूला पाहिल्या होत्या. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी हेच सांगितलं, की या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या गेल्या.

एकीला कारण आधी सापडलं, दुसऱ्याला काम करता करता. पण दोघांनाही ते आजारी माणसाजवळ सापडलं. आज डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना आपण नेमकं तिथेच जाऊ देत नाही.

२०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि परवडणाऱ्या सरकारी जागा त्याहून कितीतरी कमी. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. एवढ्या गर्दीतून निवडायचं तर अशी परीक्षा लागणार, हे मान्य. लातूर-नांदेडच्या खोल्यांत दोन दोन वर्षं राहून, सण-समारंभ सोडून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कष्टांना नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. शेतमजुराची मुलगी त्या खोलीतून मेडिकलला लागते, तेव्हा घराच्या पुढच्या पिढ्या बदलतात. प्रतिष्ठा हवी, स्थिर उत्पन्न हवं, घरात पहिला डॉक्टर हवा, या इच्छांतही लाजण्यासारखं काही नाही.

पण ३६ तासांच्या ड्यूटीत, वॉर्डात एक मूल दगावलेलं आणि बाहेर नातेवाईक संतापलेले असताना त्या इच्छा पुऱ्या पडत नाहीत. तेव्हा टिकून राहायला लागतं ते बळ टेस्ट सिरीजमधून येत नाही. ज्या मुलाने पू, उलटी, कण्हणं, मृत्यू यांतलं काहीच जवळून पाहिलेलं नाही, त्याला आपण साडेपाच वर्षांच्या आणि पुढे आयुष्यभराच्या कामाला जुंपतो. आता तर इंटर्नशिपही नीट-पीजीच्या अभ्यासात जाते. रुग्णाला हात लावून शिकायचं ते वर्ष, आणि त्यातही डोळे पुस्तकात.

याला वेगळं उत्तर आपल्याच राज्यात होतं. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथल्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांचाही पेपर असे. देशभर एकच नीट आली आणि तो बंद झाला. त्या पेपरने मुलांचं मन मोजता येत होतं, असा दावा कुणी करू नये, कारण पाठांतर त्याचंही होत असणार. खरी गोष्ट त्यानंतर घडे, आणि ती अजून टिकून आहे. नव्या मुलांना सुरुवातीला आश्रमात राहायचं असतं, अंगावर खादी, सकाळी श्रमदान. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या गावातली काही घरं येतात. कुणाच्या घरात पाणी कुठून येतं, कुणाची सून गरोदर आहे, कुणाचा म्हातारा रक्तदाबाची गोळी का घेत नाही, हे त्याला उंबरठा ओलांडून विचारावं लागतं. कुटुंब दत्तक घेण्याचा हा उपक्रम आता देशभरच्या अभ्यासक्रमात आला आहे. त्याची नुसती फाइल भरली जाऊ नये, एवढं प्राध्यापकांनी पाहिलं तरी खूप होईल.

मात्र हे सगळं प्रवेश मिळाल्यानंतरचं झालं. आधीचं काय? अकरावीनंतरच्या सुट्टीत पंधरा दिवस गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात मुलांना बसू द्यावं. गुण नकोत, प्रमाणपत्रही नको, नाहीतर त्याचाही क्लास निघेल. केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींना हात द्यावा, आशाताईंबरोबर चार घरं फिरावं, लसीकरणाच्या दिवशी रडणारं मूल मांडीवर धरावं. रुग्णाची खाजगी बाब बाहेर बोलायची नाही, हा पहिला धडाही तिथेच मिळेल. आरोग्य खात्याने आणि ज्युनिअर कॉलेजांनी ठरवलं तर याला पैसाही फारसा लागणार नाही. काही मुलं तिथून परत येऊन म्हणतील, मला हे नको. त्या वेळी आईबापांनी ते ऐकून घ्यावं, कारण तेच वाक्य तिसऱ्या ड्रॉपनंतर किंवा तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर ऐकणं त्या घराला फार महाग पडतं.