कारागिराच्या हत्यारांना तीनशे रुपयांची मर्यादा

माननीय निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, यांस,



कोलकात्याच्या बहूबाजारातल्या सोनाराचे पोट ऐरण, सांडशी, फुंकणी, तार ओढायची पट्टी आणि सोने तोलायचा काटा एवढ्यावर चालते. तो कर्जात बुडाला आणि न्यायालयाने त्याला नादार ठरवले, तर यातले काय त्याच्या हाती राहील? याचे उत्तर आजही १९०९ च्या प्रेसिडेन्सी शहरांच्या नादारी कायद्यात शोधावे लागते. त्याच्या कलम ५२ प्रमाणे धंद्याची हत्यारे, स्वतःचे आणि बायकामुलांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि घरातले सामान हे सगळे मिळून तीनशे रुपयांपर्यंत राखून ठेवता येते. त्यावरचे ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाऊन धनकोंमध्ये वाटले जाते. १९०९ साली तीनशे रुपये ही कारागिराची कित्येक महिन्यांची कमाई होती. आज त्यात बरा काटासुद्धा येत नाही, आणि भांडी-कपडे त्यातच मोजायचे आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगाली कारागिरांचे हात राबतात, तिथेही हाच कायदा लागू आहे.

हुगळी ओलांडून हावड्याला गेले की कायदा बदलतो. तिथे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेली मालमत्ता हा कायदाही वगळतो. त्या संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारे, जरुरीचे कपडे, भांडी आणि अंथरूण यांना रुपयांची मर्यादा नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतःच्या ज्या घरात राहतो ते घरही जप्त होत नाही. साध्या जप्तीला ही संहिता कोलकात्यातही लागू आहे. म्हणजे तिथे एखादा सावकार हुकूमनामा घेऊन जप्तीला आला, तर सोनाराची हत्यारे वाचतात. तोच सोनार सगळ्या धनकोंना समान वाटा मिळावा म्हणून आपणहून न्यायालयाच्या दारात गेला, तर तीच हत्यारे तीनशे रुपयांच्या हिशेबात अडकतात. प्रामाणिकपणे पुढे येणाऱ्यालाच हा कायदा शिक्षा करतो. या कायद्याकडे माणसे फारशी फिरकत नाहीत, मग बदलण्याची घाई कशाला, असे म्हटले जाते. ज्याच्याकडे जाऊन पदरात काही पडत नाही, त्याच्याकडे कोण फिरकणार?

यावरचा उपाय संसदेने २०१६ मध्येच मंजूर केला आहे. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ७९ मध्ये वगळलेल्या मालमत्तेची चांगली यादी आहे. धंद्याची हत्यारे, पुस्तके, वाहन, घरगुती गरजेचे सामान, आयुर्विमा, निवृत्तिवेतनाची योजना, धर्माचाराप्रमाणे अंगावरून उतरवता न येणारे दागिने आणि राहते एक घर ही सगळी तीत आहेत. पण ही यादी असलेला संहितेचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. अशी टप्प्याटप्प्याची अंमलबजावणी वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, ते मान्य. मात्र कोट्यवधींच्या कर्जाला जामीन राहिलेल्या संचालकाची खुर्ची-टेबले आधी सुरक्षित व्हावीत आणि सोनाराची ऐरण मागे राहावी, हा टप्प्यांचा क्रम मला न्याय्य वाटत नाही.

मालमत्ता राखून ठेवण्याची सोय लबाडांच्या पथ्यावर पडते, हा आक्षेप गंभीर आहे आणि कोलकात्याला तो नवा नाही. द्वारकानाथ ठाकूर यांनी १८४० मध्ये काही जमिनदाऱ्या न्यासात बांधून मुलांसाठी सुरक्षित केल्या. १८४८ च्या सुरुवातीला त्यांची कार-टागोर कंपनी बुडाली, तेव्हा धनकोंना त्या जमिनदाऱ्यांना हात लावता येत नव्हता. द्वारकानाथांचे पुत्र आणि रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी ती जमीनही धनकोंपुढे ठेवली, धनको विरघळले, व्यवस्था काही काळाने कुटुंबाकडे परत आली आणि पुढे कर्ज फिटत गेले. त्यांच्या सचोटीबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही कायदा सगळेच देवेंद्रनाथ असतील असे धरून लिहिता येत नाही. त्या वेळीही श्रीमंताकडे वकील होता, न्यास होता. आजही आहे. कायद्याने राखलेल्या मालमत्तेची गरज आहे ती न्यास करण्याइतकी ऐपत नसलेल्याला. शिवाय ऐरण आणि शिवणयंत्र दडवून कोणी गबर होत नाही. दागिने आणि घर यांत लबाडीला वाव आहे, म्हणून तिथे रुपयांची मर्यादा हवीच.

गरिबाला कर्ज मिळेनासे होईल, ही दुसरी भीती. पण संहितेच्या यादीत प्रत्येक वस्तू गहाण नसलेली असावी लागते. घर तारण घेतलेल्या बँकेचा हक्क तसाच राहतो. वसुली अडते ती तारण न घेता कर्ज देणाऱ्याची, आणि त्यालाही हत्यारे विकून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा हत्यारे चालवणाऱ्याच्या कमाईतून अधिक मिळण्याची आशा असते.

म्हणून विनंती अशी, की संहितेचा हा भाग सर्वसामान्य व्यक्तींना आणि भागीदारी पेढ्यांना लागू करण्याची तारीख जाहीर करावी, आणि १९०९ व १९२० चे कायदे रद्द करणारे कलम २४३ त्याच दिवशी अमलात आणावे. हमीदारांच्या नियमांत राहत्या घराची मर्यादा शहरात वीस लाख, खेड्यात दहा लाख आणि दागिन्यांची एक लाख आहे. हे आकडे महागाई निर्देशांकाला जोडावेत. घराची किंमत मर्यादेपेक्षा थोडी जास्त भरली तर विक्रीतून मर्यादेइतकी रक्कम कुटुंबाला मिळेल, हेही नियमातच स्पष्ट लिहावे. ते झाले नाही, तर तीनशे रुपयांची गोष्ट वीस लाखांच्या बाबतीत पुन्हा घडायला फार वर्षे लागणार नाहीत.

आपला,
कोलकात्यातील एक मराठी रहिवासी