कुलूप दाराला, चोर घरात!

परवा अष्टमीला कार्यकर्त्यांची बैठक झाली. एक तरुण छातीठोकपणे म्हणाला, "वकीलसाहेब, व्हॉट्सअ‍ॅपला कुलूप असते. आपले बोलणे कुणालाच कळत नाही!"

हे अर्धसत्य आहे. अष्टमीतून कुंडलिकेपलीकडे रोह्याला पाठवलेला निरोपसुद्धा टॉवर, केबल, कंपनीचा सर्व्हर असा फिरून जातो. या वाटेवर तो बंद पाकिटात असतो, हे खरे. पण पाकीट भरले जाते आणि फोडले जाते ते दोन टोकांच्या फोनमध्ये. तिथेच कुणी दबा धरून बसला असेल तर?

भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपचे काय झाले? अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगच्या 2021 मधील अहवालानुसार 13 जून 2016 रोजी त्यांना वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून एक फाईल आली. ओळखीच्या नावावरून आली म्हणून त्यांनी ती उघडली आणि 'नेटवायर' हा हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला. पुढे 22 महिने लॅपटॉप परक्याच्या ताब्यात होता. ज्या पत्रांवर खटला उभा राहिला ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. एनआयएला तो मान्य नाही. पण पाळत ठेवणे वेगळे आणि घरात पुरावा पेरणे वेगळे! नागपूरचे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही याच संस्थेने असाच अहवाल दिला. पक्षकारांची गुपिते जपणाऱ्या वकिलाच्या संगणकाची ही गत!

2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेच सांगितले की पेगॅसस वापरून सुमारे 1400 जणांना लक्ष्य केले गेले. त्यात डॉ. आनंद तेलतुंबडे होते. कुलूप कुणी तोडले नव्हते, फोनच ताब्यात घेतले जात होते.

म्हणून अनोळखीच काय, ओळखीच्या नावाने आलेली फाईलही फोन करून विचारल्याशिवाय उघडू नका. पोलीस यंत्र जप्त करू लागले तर 'हॅश व्हॅल्यू' जागेवरच पंचनाम्यात लिहून मागा. हा त्या क्षणीच्या मजकुराचा आकडी ठसा असतो. नंतर एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रातही तो द्यावा लागतो. आरोपपत्र आल्यावर हा आकडा मागून काय उपयोग?

निघताना त्या तरुणाचा फोन पाहिला. दोन वर्षे अपडेटच केलेला नव्हता!