कुंडी रिकामी नाही!

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीहून भाचीने एक फोटो पाठवला. टेबलावर मुठीएवढा एक कांदा, वरून लालभडक मेणाचं आवरण. ना कुंडी, ना माती, ना पाणी. आणि त्यातून सरळ वर आलेला दांडा, दांड्यावर चार भलीमोठी फुलं. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, आता तुझ्यासारख्या बागवाल्यांना सुट्टी. याला काही म्हणजे काही करावं लागत नाही!"

फोटो छानच होता. मी "वा!" असं लिहून पाठवलं आणि गप्प बसले. पण ते "वा" काही खरं नव्हतं. मनात बरंच काही होतं आणि ते दोन ओळींत मावण्यासारखं नव्हतं. म्हणून आज इथे लिहिते आहे. (राग भाचीवर नाही. ती हे वाचणार आहेच, तेव्हा आधीच सांगून ठेवते.)

तो कांदा म्हणजे हिपिअ‍ॅस्ट्रम. दुकानात सगळे त्याला अ‍ॅमरिलिस म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जुन्या बंगल्यांच्या अंगणात लाल-केशरी कर्णे फुललेले दिसतात ना, त्याच घराण्यातला. मेणात बुडवूनही तो फुलतो यात जादू काही नाही. कांदा म्हणजे साठवणीचं कोठार. आदल्या हंगामात पानांनी केलेलं अन्न त्यात भरून ठेवलेलं असतं, पाणी असतं, आणि मुख्य म्हणजे कळीसुद्धा आत आधीच तयार असते. आपल्या टोपलीतल्या कांद्याला पावसाळ्यात कोंब येतात, तेव्हा त्याला कोण पाणी घालायला जातं? तसंच हे.

पण पुढे काय? मेणात घालण्याआधी त्याची मुळं कापलेली असतात. खाली तो उभा राहावा म्हणून तारेची बैठक असते. फुलं गेली की शिदोरी संपली, आणि नवी कमवायला मुळं नाहीत. मग कचऱ्यात. कुणी हौशी माणसं मेण खरवडून तो मातीत लावतात आणि जगवतातही, पण विकणाऱ्याची तशी अपेक्षाच नाही. त्याच्या हिशेबात पुढच्या डिसेंबरला तुम्ही नवीन घ्यायचा. "काही करावं लागत नाही" याचा अर्थ इतकाच, की जे करायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी दोन-तीन वर्षं शेतात राबून केलं आणि आपण ते तीन आठवड्यांत उडवलं. याला बागकाम म्हणायचं असेल तर भुईनळा लावण्यालाही म्हणावं लागेल.

बरं, अमेरिकेला नावं ठेवून मोकळं व्हावं तर तसंही नाही. आपण इथे वेगळं काय करतो?

थंडीत रोपवाटिकेत जा. ट्यूलिपच्या कळ्या आलेल्या कुंड्या दिसतात हल्ली. १९८१च्या 'सिलसिला'त हॉलंडमधली ट्यूलिपची शेतं पाहिल्यापासून आपल्या पिढीला त्या फुलाचं वेड आहे, ते मलाही आहे. पण ट्यूलिप हे मध्य आशियातल्या डोंगरांचं लेकरू. त्याला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या आतली थंडी लागते. श्रीनगरला ती मिळते, म्हणून २००७ साली दल सरोवराजवळ सुरू झालेली ट्यूलिपची बाग तिथे शोभते. पुण्यात थंडीतल्या काही रात्री पारा तिथवर उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास जातो. म्हणून इथे विकायचे कांदे आधीच शीतगृहात ठेवून आणलेले असतात. एकदा फुलतात. पुढच्या वर्षी आपल्या गच्चीवर ते पुन्हा फुलतील अशी आशा जवळजवळ नाहीच. हे ठाऊक असूनही हौसेने घेतलं तर घ्या बापडे. पण विकणारा सांगतो का? मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "मॅडम, वर्षभर ठेवा, काही होत नाही." खरंच काही होत नाही. फूलसुद्धा नाही.

पण ट्यूलिप हे तसं परक्याचं दुखणं. जी कंदफुलं आपल्या हवेत वर्षानुवर्षं सुखाने राहतात, त्यांचंही आपण तेच करतो. फुलं असेपर्यंत कुंडी दिवाणखान्याच्या खिडकीत. फुलं गेली की मागच्या बाल्कनीत. पानं पिवळी पडली की "मेलं वाटतं", आणि मग माती दुसऱ्या झाडाला. त्यात हल्ली कुणीतरी सांगतं की वाळलेलं झाड घरात ठेवू नये. अहो, ते वाळलेलं नाही, झोपलेलं आहे!

हे मी इतक्या तावातावाने सांगते आहे कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

आईच्या सांगलीच्या अंगणात मे फ्लॉवर होतं. काही जण त्याला फुटबॉल लिली म्हणतात. मूळचं आफ्रिकेचं, पण आता कोकण-देशावर घरोघरी रुळलेलं. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, उघड्याबोडक्या मातीतून एक दांडा वर येतो आणि त्यावर शंभराच्या वर बारीक फुलांचा लाल चेंडू उमलतो. आठ-दहा दिवसांचा खेळ. मग पानं येतात, पावसाळाभर राहतात, दिवाळीनंतर पिवळी पडून जातात, आणि पुढे मेपर्यंत कुंडीत नुसती माती. २००९ साली घर विकलं तेव्हा त्यातले चार कांदे मी पुण्याला आणले. आई नव्हती, घरही नव्हतं. ती कुंडी तेवढी होती.

२०१४च्या फेब्रुवारीत घराला रंग काढायचा होता. मी माळीदादांना सांगितलं, "रिकाम्या कुंड्यांतली माती काढून टाका आणि कुंड्या धुऊन ठेवा." त्यांनी काढली. चूक त्यांची नाही. शब्द माझे होते. मे महिना आला, मी रोज बघत होते, आणि मग लक्षात आलं की मी बघते आहे त्या कुंडीत शेवंती लावलेली आहे. माती सोसायटीच्या भिंतीपलीकडे कधीच गेली होती. तिथे तेव्हा पार्किंगच्या फरश्या बसल्या होत्या.

त्या दिवसापासून "रिकामी कुंडी" हा शब्द मी वापरत नाही.

आता जरा शास्त्र बघू, कारण नुसत्या हळहळीने कुणाचं मत बदलत नाही. हिपिअ‍ॅस्ट्रमच्या कांद्यात साधारण चार पानांमागे एक फुलदांडा धरतो आणि तो फुलायच्या कितीतरी महिने आधी आत तयार झालेला असतो. म्हणजे यंदा फुलं गेल्यावर जी पानं येतात, ती पुढच्या फुलांची कमाई करत असतात. आपण काय करतो? "पसारा दिसतो" म्हणून ती कापतो, नाहीतर वेणी घालून गाठ मारतो. आणि पुढच्या वर्षी फूल आलं नाही की खत कुठलं घालू म्हणून विचारत फिरतो. खत घालाच, पण पानं हिरवी असताना. तेव्हाच ऊन द्या, शेणखत द्या, भरपूर पाणी द्या. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेली अळी दिसली तर हाताने वेचून काढा, कारण ती दोन रात्रींत सगळी पानं फस्त करते. पानं आपणहून पिवळी पडली की पाणी कमी करत बंद करा. हाताने ओढल्यावर सहज सुटेल तेव्हाच पान काढायचं, आधी नाही.

आणि विश्रांतीत पाणी घालू नका. दया म्हणून तर अजिबात नको. झोपलेला कांदा दुष्काळाने क्वचितच मरतो, आपल्या झारीने कुजून मरतो.

मात्र सगळ्यांना एकच नियम लावू नका. स्पायडर लिली आपल्याकडे वर्षभर हिरवी असते, तिचं पाणी तोडायचं कारण नाही. निशिगंधाची तर आणखी वेगळी तऱ्हा. तो मूळचा मेक्सिकोचा, पण आपल्या हारांतून इतका आपला झालेला. त्याचा एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवती आलेली पिल्लं फुलतात. म्हणून "पहिल्या वर्षी छान आला, मग बंद झाला" असं कुणी म्हणालं की समजावं, गर्दी झाली आहे. उकरा, मोठी पिल्लं निवडा, एप्रिल-मेमध्ये पुन्हा लावा.

यात अवघड काय आहे? काही नाही. फक्त चार-पाच महिने काहीही न दिसणाऱ्या कुंडीशेजारी राहता आलं पाहिजे. आणि नेमकं तेच आपल्याला जमेनासं झालं आहे. बाग म्हणजे बारमाही फुललेली, फोटो काढायला सदा तयार असं काहीतरी आपण ठरवून टाकलं आहे. ज्या मुलखात पाऊस चार महिने पडतो, तिथे ही अपेक्षा आली कुठून? कासच्या पठारावर एप्रिलमध्ये जा. नुसता कातळ आणि वाळकं गवत. तेच पठार पावसाळ्यात फुलांनी भरतं, कारण कंद, गड्डे, बिया तिथेच मातीच्या पातळ थरात थांबलेल्या असतात. थांबणं ही इथली जुनी रीत आहे. आपल्या रानातली कळलावी तशीच, कोळकांदा तसाच. बाल्कनीतला कांदा वेगळं काही मागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे अंगणवाल्यांना ठीक, आमच्या दोन बाय सहाच्या बाल्कनीत आठ दिवसांच्या फुलासाठी वर्षभर जागा कोण अडवणार? आक्षेप रास्त आहे. माझीही बाल्कनी तेवढीच आहे. पण झोपलेल्या कुंडीला ऊन लागत नाही, पाणी लागत नाही. ती बाकाखाली, जिन्याच्या कोपऱ्यात, कुठेही आडोशाला चालते. निशिगंधासारखे कांदे काढून, सावलीत सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवता येतात. (वर नाव आणि महिना लिहा. आणि स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्यांजवळ ठेवू नका. लिलीवर्गातले कांदे पोटात गेले तर विषारी आहेत, आणि सोललेल्या कांद्यात फरक ओळखू येत नाही.) जागा अडते ती बाल्कनीत नाही, डोक्यात अडते.

दुसरा आक्षेप, स्वस्तात नवीन मिळतो की! मिळतो. पण नवीन कांदा कुणाचा नसतो.

आईचे कांदे मी घालवले, ते परत मिळाले. कसे? २०१५ साली एका मुंजीत मी ही गोष्ट नाशिकच्या मामेबहिणीला सांगत होते. ती म्हणाली, "अगं, आत्याने माझ्या लग्नानंतर दिलेले आहेत ना माझ्याकडे! कुंडी फुटेस्तोवर झालेत." आई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत कांदे टाकायची ते मी विसरूनच गेले होते. बहिणीने तीन पिल्लं दिली. पहिली दोन वर्षं फक्त पानं आली. २०१८च्या मेमध्ये एक चेंडू फुलला. गेल्या वर्षी पाच होते.

मेणातल्या कांद्याबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. तो मेला याचं दुःख आहेच, पण त्याला पिल्लं होत नाहीत. तो कुणाच्या पिशवीत जात नाही. वीस वर्षांनी कुणाकडून तो परत मागता येत नाही.

असो. फार झालं. नातेवाइकांपैकी कुणाला हवे असतील तर या मार्चमध्ये मी कुंडी उकरणार आहे. पिल्लं बरीच आहेत, आधी येईल त्याला मिळतील. माझ्या कुंड्यांवर आता ऑइलपेंटने लिहिलेलं असतं, "आत माणसं आहेत." माळीदादा हसतात, पण हात लावत नाहीत :)

आणि भाचीबाई, तुला इथून कांदे पाठवता येणार नाहीत, त्याला सरकारी तपासणीचा दाखला लागतो. तेव्हा यंदा डिसेंबरात तो मेणाचा गोळा घेतलासच, तर एवढं कर. फुलं गेली की फक्त दांडा काप, पानं राहू दे. मेण हलक्या हाताने सोल, बुडाची तार काढ, मान वर राहील असा मातीत लाव आणि उन्हाच्या खिडकीत ठेव. मेमध्ये थंडी सरली की बाहेर काढ. जगेलच असं नाही. जगला तर पहिल्या वर्षी बहुतेक फुलणार नाही, नुसती पानं येतील.

त्या पानांचा फोटो पाठव. तेव्हाचा "वा!" खरा असेल.