नकाशा भाड्याचा चालेल, शोध स्वतःचाच हवा

चाकणहून कांद्याची गाडी भरलेल्या चालकाने ॲपमध्ये ‘शिरूर’ लिहिले, तर त्याला कुठे जायचे आहे? शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आहे, आणि तिन्ही तालुक्याची ठिकाणे आहेत. कर्जत रायगडात आहे, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही, शिवाय पुण्यातल्या खेडला अनेकजण राजगुरुनगर म्हणतात. इथे चूक झाली तर गाडी दीडदोनशे किलोमीटर भलतीकडे जाते. नकाशा कितीही देखणा असला तरी ही चूक त्याला सुधारता येत नाही, कारण ती नकाशा उघडण्याआधीच, शोधाच्या चौकटीत झालेली असते.

तरीही ॲप बांधायला बसलेल्या चमूंमध्ये वाद होतो तो नकाशाचा. गूगल घ्यायचे, मॅपल्स घ्यायचे, ओला मॅप्स घ्यायचे की ओपनस्ट्रीटमॅप, यावर बैठका झडतात. शोध मात्र नकाशाबरोबर आपोआप येणारी जोडवस्तू मानली जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नकाशाचे चित्र भाड्याने घ्यावे, पण माणसे ज्या नावांनी ठिकाणे शोधतात ती नावे आणि त्यांचा शोध ॲपवाल्याने स्वतःच्या हातात ठेवावा. याविरुद्धचे चार पक्ष वजनदार आहेत. ते आधी नीट मांडून मग तपासतो.

पहिला पक्ष म्हणतो, गूगलकडे सर्वांत जास्त दुकाने, दवाखाने आणि वाहतुकीची ताजी स्थिती आहे, मग चित्र, मार्ग आणि शोध सगळे एकाच ठिकाणाहून का घेऊ नये? यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. वाहतुकीची ताजी माहिती असंख्य फोनच्या हालचालींतून येते, आणि ती छोट्या चमूला कधीच गोळा करता येणार नाही. दुसऱ्या अर्ध्यात मात्र धोका आहे. गूगलच्या अटींनुसार त्याच्या सेवेकडून मिळालेले अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त ३० दिवस साठवता येतात, आणि शोधातून मिळालेले ठिकाण दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवता येत नाही. ‘प्लेस आयडी’ म्हणजे ठिकाणाची गूगलने दिलेली खूण जपून ठेवायला परवानगी आहे, पण तो उलगडायला पुन्हा गूगलकडेच जावे लागते. म्हणजे शोध तिथून घेतला की नकाशाही तिथलाच ठरतो आणि वर्षानुवर्षे ॲप चालवूनही आपल्या खात्यात ठिकाणांची एकही पक्की नोंद उरत नाही.

दराचेही तसेच. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत संकेतस्थळांना दिवसाला २५ हजार नकाशे फुकट दाखवता येत होते. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत महिन्याला २०० डॉलरची सवलत होती, म्हणजे महिनाभरात जेमतेम २८ हजार नकाशे. भारतात २०२४ च्या जुलैत ओलाने स्वतःचा नकाशा बाजारात आणला आणि ऑगस्टपासून गूगलने भारतीय दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. दर उतरले म्हणून आनंद जरूर मानावा. पण वाढलेला आणि उतरलेला दोन्ही दर आपल्या हातात नव्हते. ज्याच्याजवळ दुसरीकडे जाण्याची वाट आहे, त्यालाच अशा स्पर्धेचा फायदा मिळतो.

काही वेळा सेवाच बंद होते. याहूची ‘बॉस’ ही शोधसेवा २०१६ मध्ये बंद झाली आणि मायक्रोसॉफ्टने बिंगच्या शोधाचे एपीआय २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद केले. दोन्ही कंपन्या बलाढ्य होत्या. तेव्हा कंपनी मोठी आहे म्हणून सेवा टिकेल, हा भरवसा पुराव्यावर उभा राहत नाही.

दुसरा पक्ष याच्या विरुद्ध टोकाचा आहे. ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे, तोच घ्या आणि मोकळे व्हा, असे तो सांगतो. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला हा प्रकल्प मला मनापासून प्रिय आहे, म्हणूनच त्याची खोटी जाहिरात खटकते. त्यात माहिती खुली आहे, पण ती पुरवणारे सर्व्हर देणग्यांवर चालतात. त्याची ‘नॉमिनॅटिम’ ही सार्वजनिक शोधसेवा सेकंदाला एकाहून जास्त विचारणा चालवू देत नाही, आणि टाइप करता करता नावे सुचवण्यासाठी तिचा वापर करायला साफ मनाई आहे. माहितीच्या परवान्यालाही अटी आहेत. श्रेय द्यावे लागते, आणि त्या माहितीत भर घालून तयार केलेला संग्रह सार्वजनिक वापरात आणला तर तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या कित्येक वाड्या, वस्त्या आणि पाडे त्यात अजून नावासह आलेले नाहीत. फुकट मिळालेल्या माहितीवर आपला सर्व्हर आणि आपली मेहनत घातली, तरच ती कामाची होते. ही तयारी नसेल त्याने सरळ पैसे मोजून नकाशा घ्यावा.

तिसरा पक्ष म्हणतो, शोध एवढा महत्त्वाचा असेल तर इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्चसारखे शोधयंत्र बसवा, प्रश्न मिटला. ही साधने भक्कम आहेत, पण ती फक्त यंत्र देतात. माणसे काय बोलतात हे त्यांना ठाऊक नसते. ‘पुणे’ हे नाव मराठी वाक्यात ‘पुण्याला’ किंवा ‘पुण्याहून’ असे येते, आणि हिंदीसाठी बनवलेले नियम या सामान्यरूपाला लागू पडत नाहीत. कुणी ‘कोथरूड’ लिहितो, कुणी ‘कोथरुड’. रोमन लिपीत एकच वडगाव ‘व्ही’नेही सुरू होते आणि ‘डब्ल्यू’नेही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र आहे, पण अजूनही कित्येक कळफलक ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ते लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला वेगळी, आणि शोध रिकामा परततो. औरंगाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तरी जुनी नावे जुन्या पावत्यांवर आणि लोकांच्या तोंडी राहतात. पुण्यात छत्रपती संभाजी पुलाला आजही लकडी पूल म्हणतात, मुंबईत सीएसएमटीला व्हीटी. हे सारे यंत्राला शिकवावे लागते, आणि ते शिकवायला या मुलखातल्या माणसाइतका लायक दुसरा कुणी नाही.

या साधनांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. इलॅस्टिकसर्चच्या कंपनीने २०२१ च्या जानेवारीत परवाना आवळला, तेव्हा ॲमेझॉनने जुन्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च उभे केले. नकाशे रेखाटणाऱ्या मॅपबॉक्सच्या जीएल जेएस या लायब्ररीचा परवाना २०२० च्या डिसेंबरात बदलला, तेव्हा त्यातूनच मॅपलिब्रे निघाले. मालकाने मन बदलले तरी वापरणारे वाऱ्यावर सुटले नाहीत, कारण मूळ आज्ञावली खुली होती. निवड करताना बाहेर पडण्याची ही वाट किमतीइतकीच मोलाची धरावी.

चौथा पक्ष सर्वांत प्रामाणिक आहे. छोट्या चमूला हे झेपणार कसे, असे तो विचारतो. आकार पाहा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि सुमारे ४४ हजार गावे आहेत. प्रत्येक गावाची पाच-दहा नावे धरली तरी नोंदी चार-पाच लाखांच्या आत राहतात. पोस्टग्रेससारखा फुकट मिळणारा डेटाबेस एका साध्या सर्व्हरवर हे ओझे सहज पेलतो. जगाचा शोध आपल्याला बांधायचाच नाही. आपला ग्राहक ज्या मुलखात राहतो तेवढाच बांधायचा आहे.

आता मंडन. प्रत्येक ठिकाणाची ओळख नावावर न ठेवता सांकेतांकावर ठेवा. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला असा सांकेतांक आहे. नाव बदलले तरी नोंद तुटत नाही आणि तिन्ही शिरूर वेगळे राहतात. या अडचणीवर आपल्याच माणसाने पूर्वी उपाय काढला होता. गावांची एकसारखी नावे आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांतून टपाल सुटावे म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोड आखला, आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन तर सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत नेमके ठिकाण सांगतो. सांकेतांक यंत्रासाठी उत्तम, पण माणूस नावानेच बोलतो. म्हणून सांकेतांकाशेजारी सरकारी नाव, जुने नाव, बोलीतले नाव, रोमन रूपे आणि खुणेची जागा लिहून ठेवा.

गाडी पोहोचल्यावर चालकाने संमतीने नोंदवलेले ठिकाण ही तुमची स्वतःची मिळकत आहे, ती ३० दिवसांनी पुसावी लागत नाही. रिकामे परतलेले शोध दर आठवड्याला वाचा, कारण राहिलेली नावे तिथेच सापडतात. नकाशा आणि मार्ग बाहेरून घ्या, पण आज्ञावलीत त्यांना एकाच दारातून आत येऊ द्या, म्हणजे उद्या पुरवठादार बदलताना सारे ॲप उकलावे लागणार नाही. आणि करार करण्याआधी ग्राहकांनी खरोखर लिहिलेले दोनशे शोध प्रत्येक सेवेवर चालवून पाहा. देखण्या प्रात्यक्षिकापेक्षा ते खरे बोलतात.

दुकानाची जागा भाड्याची असली तरी खातेवही कुणी घरमालकाच्या कपाटात ठेवत नाही. लोक कुठे जातात आणि त्या जागेला काय म्हणतात, ही ॲपची खातेवही आहे. शोध परक्या सेवेवर सोडला की दाबलेल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराबरोबर ती दुसऱ्याकडे जाते, आणि ग्राहकाची खासगी माहितीही तिच्याबरोबर जाते. म्हणून निवडीचा क्रम उलटा करा. आधी आपली नावे आणि आपला शोध उभा करा, मग त्याला मानवेल असा नकाशा निवडा. नकाशा पुढे दहादा बदलला तरी चालेल. लोकांनी विश्वासाने सांगितलेली नावे गमावली, तर ती कोणत्याही दराने परत विकत मिळणार नाहीत.