मागच्या वजनाला ब्रेक नसतो

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुरुग्राम येथील मराठी वाहनचालकांना जाहीर आवाहन

मंडळी, धुक्याचे दिवस आणि उसाचा हंगाम एकदमच येतात. हापूड, मोदीनगर, सिंभावलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. सांगली-कोल्हापूरकडच्यांना त्या नव्या नाहीत. पण तिकडच्या सवयीने इथल्या धुक्यात गाडी चालवू नका.

अशा अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रोखायचा. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला तरी मागचा ऊस त्याला पुढे रेटत राहतो. म्हणून ओव्हरटेक करून लगेच त्याच्या पुढ्यात शिरू नका. मागे असाल तर भरपूर अंतर ठेवा. ट्रॉलीला मागचे दिवे असतीलच असे धरून चालू नका.

हाच हिशेब आपल्या कारलाही लागू आहे. 1200 किलोची कार ताशी 60 किलोमीटर वेगात, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून साधारण 17 मीटरमध्ये थांबते. तिच्यामागे बिनब्रेकची 600 किलोची ट्रॉली जोडा. ब्रेक तेवढेच, वजन दीडपट, म्हणून अंतर सुमारे 26 मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 17 मीटर जातात, ते वेगळेच. रस्ता ओला असेल तर विचारूच नका.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती दोर बांधून बंद गाडी ‘टोचन’ करण्याची. इंजिन बंद असले की ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते, स्टिअरिंगही जड होते. दोर जेमतेम 5 मीटरचा. ताशी 25 किलोमीटर वेगातही गाडी सेकंदाला 7 मीटर जाते. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला सावरायला वेळच उरत नाही. धुक्यात तर दोर तिसऱ्याला दिसतही नाही. दुचाकीवाला दोन गाड्यांच्या मधून निघू पाहतो, हे दिल्लीत कुणाला सांगायला नको!

यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात कारची वेगमर्यादा 100 वरून 75 वर आणतात, ती पाळा. गाडी बंद पडली तर ती शक्यतो रस्त्याच्या कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, सर्वांना कठड्यापलीकडे उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033, इतरत्र 112 ला फोन करा आणि क्रेनची वाट पाहा. उशीर झाला तरी चालेल, दोर मात्र बांधू नका.